वायूच्या प्रवाहमापनात तापमान, दाब आणि आर्द्रतेसाठी दुरुस्ती कशी करावी

एक घनमीटर हवा म्हणजे वजनाने किती हवा, हे तिचे तापमान, दाब आणि तिच्यातील बाष्प सांगितल्याशिवाय ठरत नाही. शून्य अंश सेल्सिअस तापमान आणि १०१.३२५ किलोपास्कल दाब असताना कोरड्या हवेचा घनमीटर १.२९३ किलोग्रॅम भरतो. दाब तोच ठेवून तापमान २० अंशांवर नेले की तो १.२०४ किलोग्रॅमवर येतो. वातावरणाचा दाब ९० किलोपास्कल असलेल्या उंचावरच्या ठिकाणी, ४० अंशांच्या आणि बाष्पाने संपृक्त, म्हणजे आणखी बाष्प मावणार नाही अशा हवेच्या घनमीटरमध्ये कोरडी हवा जेमतेम ०.९२ किलोग्रॅम असते. घनफळ मोजणारा मीटर मात्र तिन्ही वेळा एकच घनमीटर दाखवतो.

हे आकडे एका पायावर आणण्याचे गणित शाळेतल्या वायुनियमांपलीकडे जात नाही. तरीही प्रत्यक्ष कामात दहा-वीस टक्क्यांच्या चुका सर्रास आढळतात, आणि त्यांचे कारण बहुधा गुणाकारात नसते. मीटरवरचा आकडा मुळात कोणत्या स्थितीचा आहे आणि उत्तर कोणत्या स्थितीचे हवे आहे, हे दोन प्रश्न न विचारताच सूत्र वापरले जाते. म्हणून येथे सूत्राआधी या दोन प्रश्नांचा विचार केला आहे.

उत्तर कोणत्या स्थितीला हवे आहे?

ज्या तापमानाला आणि दाबाला सर्व आकडे आणायचे, तिला संदर्भ स्थिती म्हणतात. ‘नॉर्मल’ आणि ‘स्टँडर्ड’ हे दोन शब्द तिच्यासाठी इतक्या सैलपणे वापरले जातात की केवळ शब्दावर विसंबणे धोक्याचे आहे. नॉर्मल घनमीटर म्हटले की साधारणपणे ० अंश सेल्सिअस आणि १०१.३२५ किलोपास्कल अभिप्रेत असते. आयुपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८२ पासून प्रमाण दाब १०० किलोपास्कल धरला आहे. नैसर्गिक वायूच्या व्यवहारासाठी आयएसओ १३४४३ या मानकात १५ अंश आणि १०१.३२५ किलोपास्कल ही स्थिती दिलेली आहे, तर अमेरिकी प्रथेत ६० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १५.५६ अंश सेल्सिअस, धरले जाते. हवेच्या कॉम्प्रेसरांच्या चाचणीसाठी असलेल्या आयएसओ १२१७ मध्ये २० अंश, १०० किलोपास्कल आणि शून्य आर्द्रता अशी प्रमाण स्थिती आहे. प्रयोगशाळेतील छोट्या मास फ्लो कंट्रोलरवर (वस्तुमानाचा प्रवाह मोजून तो नियंत्रित करणाऱ्या उपकरणावर) ‘स्टँडर्ड’ लिहिलेले असते तेव्हा बहुधा ० अंश धरलेले असतात, पण काही उत्पादक २० किंवा २५ अंशही धरतात.

हा फरक किरकोळ नाही. शून्य अंश आणि १०१.३२५ किलोपास्कलचा एक घनमीटर त्याच दाबाला १५ अंशांवर १.०५५ घनमीटर होतो, २० अंशांवर १.०७३ घनमीटर होतो, आणि कॉम्प्रेसरच्या प्रमाण स्थितीला १.०८७ घनमीटर होतो. दोन विभागांच्या नोंदींत सात-आठ टक्क्यांची तफावत कायम राहत असेल आणि ती कशानेच हलत नसेल, तर गळती शोधण्यापूर्वी दोघांची संदर्भ स्थिती एकच आहे ना, हे पाहावे.

तापमान आणि दाबाबरोबरच तिसरी गोष्टही ठरवावी लागते: उत्तर शुष्क वायूचे हवे की बाष्पासह. रासायनिक हिशेब, इंधनाचे मूल्य आणि प्रदूषणाच्या मर्यादा बहुधा शुष्क पायावर असतात. पंख्याची किंवा नळीची क्षमता ठरवायची असेल तर बाष्पासहित प्रवाहच लागतो.

मीटर नेमके काय मोजतो?

या दृष्टीने मीटरांचे तीन गट पडतात. डायफ्राम मीटर, रोटरी मीटर, टर्बाइन मीटर, वेट गॅस मीटर, साबणाच्या पापुद्र्याचा मीटर आणि अल्ट्रासॉनिक मीटर हे सर्व प्रत्यक्ष स्थितीतील घनफळ मोजतात. मीटरमधून जाताना वायूने जेवढी जागा व्यापली तेवढीच ते सांगतात. पुढे दिलेले मूळ सूत्र या गटाला जसेच्या तसे लागू होते.

दुसऱ्या गटात रोटामीटर (उभ्या नळीत वायूने उचललेल्या तरंगकाच्या उंचीवरून प्रवाह दाखवणारा), तसेच दाबातील फरकावरून प्रवाह काढणारी ओरिफिस प्लेट (नळीत बसवलेली छिद्राची तबकडी), व्हेंच्युरी आणि पिटो नळी येतात. यांचे वाचन वायूच्या घनतेवर अवलंबून असते, त्यामुळे दुरुस्तीत वर्गमूळ येते. या गटाला पहिल्या गटाचे सूत्र लावणे ही या विषयातली सर्वांत महागडी चूक असावी. तिचे उदाहरण पुढे दिले आहे.

तिसऱ्या गटात थर्मल मास फ्लोमीटर आणि कोरिओलिस मीटर मोडतात. हे वस्तुमान मोजतात आणि पडद्यावर नॉर्मल घनमीटर दाखवत असले तरी तो आकडा त्यांनी वस्तुमानावरून काढलेला असतो. त्यावर पुन्हा तापमान-दाबाचा गुणक लावला की दुरुस्ती दोनदा होते. असेच आधुनिक टर्बाइन मीटरांबाबतही घडते: मीटरला जोडलेला व्हॉल्यूम करेक्टर आधीच दुरुस्त आकडा पाठवत असतो आणि नियंत्रण कक्षातील संगणक तोच आकडा कच्चा समजून पुन्हा दुरुस्त करतो. त्यामुळे मीटरपासून अंतिम अहवालापर्यंत आकडा कोठे कोठे बदलतो याचा माग एकदा तरी हाताने काढावा.

मूळ सूत्र

पहिल्या गटातील मीटरसाठी आदर्श वायूच्या नियमावरून असे लिहिता येते:

शुष्क संदर्भ प्रवाह = मीटरचा प्रवाह × [(निरपेक्ष दाब − बाष्पाचा आंशिक दाब) ÷ संदर्भ दाब] × [संदर्भ तापमान ÷ वायूचे तापमान]

दोन्ही तापमाने केल्विनमध्ये घ्यावीत, म्हणजे सेल्सिअसच्या आकड्यात २७३.१५ मिळवावेत. सर्व दाब एकाच एककात आणि निरपेक्ष, म्हणजे निर्वातापासून मोजलेले, असावेत. बाष्पासहित प्रवाह हवा असेल तर बाष्पाचा दाब वजा करू नये, एवढाच फरक.

गुणक उलटा लागला आहे का, हे तपासण्याची एक सोपी रीत आहे. वायू संदर्भापेक्षा गरम असेल तर तो फुगलेला आहे, म्हणून संदर्भ प्रवाह मीटरपेक्षा कमी आला पाहिजे. दाब जास्त असेल तर तो दाबलेला आहे, म्हणून जास्त आला पाहिजे. बाष्प असेल तर शुष्क उत्तर नेहमी घटलेच पाहिजे. आकडेमोडीपूर्वी ही दिशा तोंडी सांगावी आणि मगच कॅल्क्युलेटर हाती घ्यावे.

दाब

दाबमापकाची तबकडी बहुतेक वेळा गेज दाब, म्हणजे वातावरणापेक्षा किती जास्त तेवढेच, दाखवते. त्यात स्थानिक वातावरणाचा दाब मिळवला की निरपेक्ष दाब मिळतो. येथे १०१.३२५ मिळवून मोकळे होण्याची सवय आहे, पण तो समुद्रसपाटीवरचा प्रमाण दाब आहे. प्रमाण वातावरणात ५०० मीटर उंचीवर दाब सुमारे ९५.५ आणि १००० मीटरवर सुमारे ८९.९ किलोपास्कल असतो.

ही चूक कमी दाबाच्या नळीत अधिक नडते. वातावरणाचा दाब ९५ किलोपास्कल असलेल्या ठिकाणी गेज दाब २० किलोपास्कल असेल, तर खरा निरपेक्ष दाब ११५ आहे, १०१.३२५ मिळवल्यास तो १२१.३ येतो आणि प्रवाह साडेपाच टक्क्यांनी फुगतो. गेज दाब ७०० किलोपास्कल असताना हीच चूक फक्त ०.८ टक्के पडते. म्हणजे कमी दाबाच्या वायूवर काम करणाऱ्याने बॅरोमीटरकडे जास्त लक्ष द्यावे. व्यवहारात मात्र उच्च दाबाच्या नळीवरच महागडी उपकरणे बसवलेली दिसतात.

हवामान खात्याने जाहीर केलेला दाब थेट वापरू नये, कारण तो सामान्यतः समुद्रसपाटीवर आणून सांगितलेला असतो. उंचावरच्या ठिकाणीही तो १०० किलोपास्कलच्या आसपासच दिसतो आणि संशय येत नाही. त्या ठिकाणचा मूळ दाब, म्हणजे स्टेशन प्रेशर, मिळवावा किंवा निरपेक्ष दाब मोजणारा सेन्सर बसवावा; दुसरा मार्ग अधिक चांगला.

दाब कोठे मोजला हेही महत्त्वाचे आहे. तो मीटरच्या आतील मापनस्थानाचा असावा. टर्बाइन आणि रोटरी मीटरच्या अंगावर यासाठी वेगळे छिद्र दिलेले असते. रोटामीटरमध्ये झडप कोणत्या बाजूला आहे त्यावर नळीतील दाब ठरतो: झडप बाहेर पडण्याच्या बाजूला असेल तर नळीत पुरवठ्याचा दाब असतो, आत येण्याच्या बाजूला असेल तर पुढच्या यंत्रणेचा. एकच मीटर झडपेची जागा बदलल्यावर वेगळा आकडा का दाखवतो, या नेहमीच्या कोड्याचे उत्तर यातच असते.

तापमान

तापमानाबद्दल थोडक्यात सांगता येते. सामान्य तापमानाला एक अंशाची चूक म्हणजे सुमारे ०.३४ टक्के. सेन्सर वायूच्या प्रवाहात बुडालेला असावा. नळीच्या बाहेर चिकटवलेला सेन्सर उन्हात किंवा यंत्राजवळ नळीचे तापमान सांगतो, वायूचे नाही. सेन्सरमुळे प्रवाह विस्कटू नये म्हणून तो बहुधा मीटरच्या पुढे, वायू जाण्याच्या दिशेला, बसवतात. खोलीचे तापमान हे वायूचे तापमान समजणे फक्त तेव्हाच चालते, जेव्हा वायू लांब नळीतून अगदी सावकाश येत असतो.

आर्द्रता

तिन्हींपैकी आर्द्रतेकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि तिचा हिशेब सर्वांत जास्त चुकतो, म्हणून तो सविस्तर पाहू.

मिश्रणात बाष्पाचा स्वतःचा वाटा असतो. त्याला आंशिक दाब म्हणतात. सापेक्ष आर्द्रता माहीत असेल तर बाष्पाचा आंशिक दाब म्हणजे त्या तापमानाच्या संपृक्त बाष्पदाबाचा तेवढा टक्का. पाण्याचा संपृक्त बाष्पदाब ० अंशांना ०.६१ किलोपास्कल, १० अंशांना १.२३, २० ला २.३४, २५ ला ३.१७, ३० ला ४.२५, ३५ ला ५.६३, ४० ला ७.३८ आणि ५० ला १२.३५ किलोपास्कल असतो. मधल्या तापमानांसाठी मॅग्नसचे सूत्र वापरावे: सेल्सिअस तापमानाला १७.६२ ने गुणावे, त्याला (तापमान + २४३.१२) ने भागावे, येणारी संख्या नैसर्गिक घातफलनात (e चा घात म्हणून) घालावी आणि उत्तराला ०.६११२ ने गुणावे. बाष्पदाब किलोपास्कलमध्ये मिळतो. ० ते ५० अंशांच्या पट्ट्यात हे सूत्र वरील आकड्यांशी अर्ध्या टक्क्याच्या आत जुळते. दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला बाष्पाचे पाणी होऊ लागते तो, माहीत असेल तर काम आणखी सोपे होते, कारण दवबिंदूच्या तापमानाचा संपृक्त बाष्पदाब हाच प्रत्यक्ष बाष्पदाब असतो.

दर दहा अंशांना हा दाब जवळपास दुप्पट होतो हे लक्षात ठेवावे. २० अंश आणि ५० टक्के आर्द्रतेला बाष्पाचा वाटा वातावरणीय दाबाच्या १.२ टक्क्यांइतकाच असतो आणि कामचलाऊ मोजणीत तो सोडून दिला तरी चालते. ३५ अंशांना संपृक्त वायूत तो साडेपाच टक्क्यांच्या वर जातो. याउलट, दाब वाढला की बाष्पाचे महत्त्व घटते: निरपेक्ष ८०० किलोपास्कल दाबाच्या, ३५ अंशांच्या संपृक्त हवेत ते ०.७ टक्के असते, आणि ड्रायरनंतर दाबाखालचा दवबिंदू ३ अंश असेल तर ०.१ टक्का. अशा ठिकाणी आर्द्रतेच्या सेन्सरवर खर्च करण्यात अर्थ नाही.

सापेक्ष आर्द्रतेचा आकडा तिच्या तापमानापासून तोडून वापरता येत नाही. समजा बाहेरची हवा ३० अंश आणि ७० टक्के आर्द्रतेची आहे, म्हणजे बाष्पदाब २.९७ किलोपास्कल. ही हवा दाब न बदलता ४५ अंशांपर्यंत तापली तर तिची सापेक्ष आर्द्रता ३१ टक्क्यांवर उतरते, पण बाष्पदाब २.९७ च राहतो. मीटर गरम ठिकाणी असताना बाहेरची ७० टक्के आर्द्रता ४५ अंशांच्या संपृक्त दाबाला लावली तर बाष्प दुपटीहून जास्त धरले जाते. दाब बदलत असेल तर बाष्पदाबही कायम राहत नाही. कायम राहतो तो रेणूंचा वाटा, आणि तोही पाणी बाहेर पडत नाही तोवरच. हीच हवा १०० किलोपास्कलपासून ८०० किलोपास्कलपर्यंत दाबून आणि मग थंड करून ३५ अंशांना आणली, तर बाष्पदाब २३.८ व्हायला हवा होता, पण ३५ अंशांना ५.६३ पेक्षा जास्त बाष्प टिकूच शकत नाही. जवळपास ७७ टक्के पाणी कंडेन्सेट होऊन खाली उतरते. कॉम्प्रेसरच्या पुढच्या बाजूला प्रवाह मोजून त्यावरून आत घेतलेल्या हवेचा हिशेब मांडताना हे उतरलेले पाणी परत मिळवावे लागते, नाहीतर कॉम्प्रेसर आहे त्यापेक्षा दोन टक्क्यांहून जास्त कमकुवत दिसतो.

काही मीटर वायूला स्वतःच ओले करतात. वेट गॅस मीटर आणि साबणाच्या पापुद्र्याचा मीटर यांत शुष्क वायू सोडला तरी मापनाच्या वेळी तो पाण्याच्या सान्निध्याने संपृक्त होतो, किंवा संपृक्ततेच्या जवळ जातो. म्हणून शुष्क उत्तरासाठी मीटरच्या तापमानाचा पूर्ण संपृक्त बाष्पदाब वजा करावा. २५ अंशांना ही दुरुस्ती सुमारे ३.२ टक्के आहे, आणि सिलिंडरमधला कोरडा नायट्रोजन मोजताना ‘वायू तर कोरडाच आहे’ म्हणून ती हमखास राहून जाते.

शंभर अंशांच्या वर असलेल्या धुराड्यातील वायूला सापेक्ष आर्द्रतेची भाषा उपयोगाची नाही. तेथे ठरावीक वायू शोषून, त्यातले पाणी थंड करून गोळा करावे, तोलावे, आणि त्यावरून बाष्पाचा घनफळातील वाटा काढावा. शुष्क प्रवाह म्हणजे ओल्या प्रवाहाला (१ − बाष्पाचा वाटा) ने गुणून येणारा आकडा.

एक पूर्ण उदाहरण: बायोगॅस

बायोगॅसच्या नळीवर टर्बाइन मीटर आहे. तो ४०.० घनमीटर प्रति तास दाखवतो. मीटरपाशी तापमान ३५ अंश, गेज दाब २.० किलोपास्कल आणि वातावरणाचा दाब ९५.० किलोपास्कल आहे. वायू पाचकातून (सेंद्रिय कचरा कुजवण्याच्या टाकीतून) गरम आणि ओला येतो आणि नळीत थंड होत जातो. नळीत पाणी साचते यावरून तो संपृक्त आहे हे धरायला हरकत नाही.

निरपेक्ष दाब ९७.० किलोपास्कल झाला. ३५ अंशांचा संपृक्त बाष्पदाब ५.६३, म्हणून शुष्क वायूचा दाब ९१.३७. संदर्भ ० अंश आणि १०१.३२५ किलोपास्कल घेतल्यास दाबाचा गुणक ९१.३७ ÷ १०१.३२५ = ०.९०१८, आणि तापमानाचा गुणक २७३.१५ ÷ ३०८.१५ = ०.८८६४. एकत्रित गुणक ०.७९९३, आणि शुष्क प्रवाह ३१.९७ नॉर्मल घनमीटर प्रति तास.

बाष्प वजा केले नसते तर ३३.९४ आले असते, म्हणजे ६.२ टक्के जास्त. आता विश्लेषकाने मिथेन ६० टक्के सांगितले असे समजू. बहुतेक विश्लेषक नमुना थंड आणि कोरडा करून मग मोजतात, म्हणून ती टक्केवारी शुष्क पायावरची आहे. तिला शुष्क प्रवाहानेच गुणावे आणि मिथेन १९.१८ धरावे. ओल्या प्रवाहाने गुणल्यास २०.३६ येते, आणि या वायूवर चालणाऱ्या इंजिनाची कार्यक्षमता तेवढ्याच प्रमाणात विनाकारण घटलेली दिसते. टक्केवारी शुष्क तर प्रवाह शुष्क, टक्केवारी ओली तर प्रवाह ओला: हे जोड मोडू नयेत.

या उदाहरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. संपृक्त वायूत तापमानाचा सेन्सर एक अंशाने चुकला तर त्याची किंमत दोनदा मोजावी लागते. एक अंशाने तापमानाचा गुणक ०.३२ टक्के बदलतो, आणि बाष्पदाब सुमारे ०.३१ किलोपास्कलने बदलत असल्याने शुष्क दाब आणखी ०.३४ टक्के बदलतो. दोन्ही परिणाम एकाच दिशेने जातात, म्हणून अंशामागे एकूण चूक ०.६६ टक्क्यांच्या आसपास जाते. गरम आणि ओल्या वायूवर स्वस्त थर्मामीटर बसवण्यात म्हणूनच बचत नसते.

रोटामीटर आणि ओरिफिस

रोटामीटरची मोजपट्टी ठरावीक स्थितीतील ठरावीक वायूसाठी आखलेली असते. वायू अधिक दाट असेल तर तोच तरंगक त्याच उंचीवर कमी घनफळाच्या प्रवाहात उभा राहतो. म्हणून आधी प्रत्यक्ष घनफळ काढताना मोजपट्टीवरील आकड्याला (आखणीवेळची घनता ÷ प्रत्यक्ष घनता) याच्या वर्गमुळाने गुणावे लागते, आणि मग मूळ सूत्राने संदर्भ स्थितीला जावे लागते. वायू तोच असेल आणि मोजपट्टी संदर्भ स्थितीलाच आखलेली असेल, तर दोन्ही पायऱ्या मिळून एकच गुणक उरतो:

संदर्भ प्रवाह = मोजपट्टीवरील आकडा × वर्गमूळ [(निरपेक्ष दाब ÷ आखणीचा दाब) × (आखणीचे तापमान ÷ वायूचे तापमान)]

उदाहरणार्थ, २० अंश आणि १०१.३२५ किलोपास्कलला हवेसाठी आखलेला रोटामीटर गेज २०० किलोपास्कल, वातावरण ९५ किलोपास्कल आणि ३५ अंश अशा स्थितीत ५० लिटर प्रति मिनिट दाखवतो. दाबाचे गुणोत्तर २९५ ÷ १०१.३२५ = २.९११, तापमानाचे २९३.१५ ÷ ३०८.१५ = ०.९५१३, गुणाकार २.७७०, वर्गमूळ १.६६४. संदर्भ प्रवाह ८३.२ लिटर प्रति मिनिट, आणि नळीतील प्रत्यक्ष घनफळ ३०.० लिटर प्रति मिनिट. वर्गमूळ न घेता पहिल्या गटाचे सूत्र लावले असते तर १३८.५ लिटर आले असते, म्हणजे ६६ टक्के जास्त.

वायू बदलला तर घनतेच्या वर्गमुळात त्या वायूचे रेणुभार येतात. पण गोळीच्या तरंगकाच्या छोट्या काचनळीत चिकटपणाचाही परिणाम होतो आणि केवळ घनतेची दुरुस्ती अपुरी पडते. तेथे त्या वायूसाठीच मीटर कॅलिब्रेट करून घ्यावा. ओल्या हवेची घनता कोरड्या हवेपेक्षा कमी असते, कारण पाण्याचा रेणुभार १८ आणि हवेचा सुमारे २९ आहे. ३० अंशांच्या संपृक्त हवेत वातावरणीय दाबाला घनता सुमारे १.६ टक्के घटते आणि वर्गमुळातून ०.८ टक्के परिणाम उरतो. शुष्क प्रवाह हवा असेल तर बाष्पाचा वाटा वजा करण्याची पायरी याखेरीज वेगळी करावीच लागते.

ओरिफिसचेही असेच आहे. ६०० किलोपास्कल निरपेक्ष दाब आणि ३० अंश गृहीत धरून बसवलेल्या प्लेटवर प्रत्यक्षात ५५० किलोपास्कल आणि ४२ अंश असतील, तर दाबफरकावरून काढलेल्या संदर्भ प्रवाहाला ०.९३९ ने गुणावे. दुरुस्ती न केल्यास प्रवाह साडेसहा टक्के जास्त नोंदला जातो.

उच्च दाबाला आदर्श नियम पुरत नाही

वातावरणाच्या आसपास हवा, नायट्रोजन किंवा ऑक्सिजन आदर्श वायू मानले तरी काही बिघडत नाही. कार्बन डायऑक्साइड त्याच दाबालाही अर्धा टक्का ढळतो. नैसर्गिक वायूसाठी ५० बारच्या (५००० किलोपास्कल) आसपास संपीड्यता गुणक, म्हणजे खरे घनफळ आदर्श नियमाने येणाऱ्या घनफळाच्या किती पट ते, सुमारे ०.९ असतो, म्हणजे तो विसरल्यास चूक दहा टक्क्यांपर्यंत जाते. मूळ सूत्राच्या उत्तराला (संदर्भ स्थितीचा संपीड्यता गुणक ÷ प्रत्यक्ष स्थितीचा संपीड्यता गुणक) ने गुणावे. नैसर्गिक वायूसाठी हे गुणक एजीए ८ (अमेरिकन गॅस असोसिएशनचा अहवाल) किंवा आयएसओ १२२१३ या पद्धतींनी वायूच्या घटकांवरून काढतात.

दिवसाची बेरीज आणि अनिश्चितता

एकूण घनफळ हवे असेल तर प्रत्येक कालखंडाचा प्रवाह त्याच कालखंडाच्या तापमान-दाबाने दुरुस्त करावा आणि मग बेरीज करावी. दिवसभराची सरासरी काढून एकदाच गुणक लावणे चुकीचे ठरते, कारण प्रवाह आणि तापमान सहसा एकत्र बदलतात. दिवसा १२ तास ३८ अंशांना ४० घनमीटर प्रति तास आणि रात्री १२ तास २२ अंशांना १० घनमीटर प्रति तास असेल, तर साधी सरासरी ३० अंश येते. प्रवाहाच्या भाराने काढलेली सरासरी मात्र ३४.८ अंश आहे. कोरड्या वायूत यामुळे १.६ टक्के चूक होते, संपृक्त वायूत त्याहून बरीच जास्त.

अनिश्चितता मांडताना परस्परांशी संबंध नसलेल्या चुकांचे वर्ग मिळवून वर्गमूळ घ्यावे. बायोगॅसच्या उदाहरणात मीटर १.५ टक्के, तापमान एक अंश म्हणजे ०.६६ टक्के, आणि दाब अर्धा किलोपास्कल म्हणजे ०.५५ टक्के धरल्यास एकूण १.७ टक्के येतात. तापमानाचे दोन परिणाम एकाच सेन्सरमुळे होतात, म्हणून ते आधी सरळ बेरजेने एकत्र केले आहेत. अशा मापनात ३१.९७ हा आकडा ३२.० लिहिणे पुरेसे आणि अधिक प्रामाणिक आहे.

यंत्रणा सुरू करताना फ्लो कॉम्प्युटरला (ही दुरुस्ती आपोआप करणाऱ्या संगणकाला) तीन-चार ठरावीक स्थिती हाताने द्याव्यात आणि त्याचे उत्तर कागदावरच्या हिशेबाशी ताडून पाहावे. त्यांत एक स्थिती संदर्भ स्थितीइतकीच आणि शून्य आर्द्रतेची असावी, कारण तेथे गुणक बरोबर १ आला पाहिजे, तो १.०७३ किंवा ०.९३२ आला तर संदर्भ तापमान चुकीचे भरले आहे हे लगेच कळते. नोंदवहीत दुरुस्त आकड्याच्या शेजारी मीटरचा कच्चा आकडा, निरपेक्ष दाब, तापमान, बाष्पदाब किंवा तो ज्या गृहीतकावर काढला ते, आणि संदर्भ स्थिती लिहावी. केवळ दुरुस्त आकडा लिहिलेला असेल आणि पुढे संदर्भ बदलावा लागला किंवा सेन्सर चुकीचा निघाला, तर जुन्या नोंदी पुन्हा काढता येत नाहीत.